मामाजींची डावी नाकपुडी

माझ्या बायकोच्या मामाजींचा या जगात कशावरही विश्वास नाही. दवनीवाड्याला त्यांची धानाची शेती आहे, आणि त्या शेतातला धान सोडला तर बाकी सगळं त्यांना संशयास्पद वाटतं. दुधात पाणी असतं म्हणून त्यांनी घरी म्हैस घेतली, मग ती बाहेर काय खाते म्हणून तिच्यावरही नजर ठेवली. नागऱ्याच्या शिवमंदिरात जाताना ते एक चप्पल इकडे आणि दुसरी तिकडे काढतात, जोडी एकाच चोराच्या हाती लागू नये म्हणून. आमच्या लग्नात त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "जवाईबापू, नोकरी खरीच हाय ना जी?" मी ओळखपत्र दाखवलं, तर ते उजेडात धरून पाहिलं.

अशा माणसाचा विश्वास बसला तो नाकात टाकायच्या थेंबांच्या एका बाटलीवर. मळणीच्या धुळीने त्यांना सर्दी झाली, नाक चोंदलं आणि कोणीतरी गोंदियाहून ती बाटली आणून दिली. थेंब टाकताच नाक मोकळं! "हे औषध खोटं बोलत नाई," मामाजी म्हणाले, "टाकलं का सामनेच काम दाखवते." सर्दी गेली, बाटली खिशात राहिली. आधी सकाळ-संध्याकाळ, मग जेवणाआधी, मग फोन उचलण्याआधीसुद्धा थेंब पडू लागले. नाक मात्र पुन्हा पुन्हा बंद व्हायचं, आणि त्याचा संशय शेजाऱ्याच्या अगरबत्तीवर, मोबाइलच्या टॉवरवर, झालंच तर मामीजींच्या फोडणीवर जायचा.

एवढ्यावर भागलं असतं तर हसून सोडलं असतं. पण हळूहळू त्यांना वास येईनासा झाला. "लसूण टाकनं बंद केलं काऊन?" असं ते मामीजींना दरडावून विचारू लागले. मग एक दिवस घरच्या चिन्नोर तांदळाचा भात ताटात आला. हा तांदूळ शिजला की त्याचा सुवास गल्लीपर्यंत जातो. मामाजींनी ताट नाकाशी नेलं, खाली ठेवलं आणि म्हणाले, "हा आपला तांदूळ नाई. मिलमधी बदलवला." राइस मिलवाले शेठ म्हणजे त्यांचे शाळेपासूनचे दोस्त. मामाजी तिथे जाऊन चारचौघांत त्यांना चोर म्हणून आले. शेठ एक शब्द बोलले नाहीत, यावरून मामाजींची खात्रीच झाली. दोघांचं बोलणं तुटलं.

मामीजींनी रडत फोन केला, तेव्हा मी मामाजींना गोंदियात नाकाच्या डॉक्टरीनबाईंकडे नेलं. त्यांनी नाकात पाहिलं, बाटली पाहिली आणि शांतपणे सांगितलं, "नाकाच्या आतल्या अस्तरात बारीक रक्तवाहिन्या असतात. सर्दीत त्या फुगतात आणि हवेची वाट अडते. हे थेंब त्यांना आवळतात, म्हणून लगेच मोकळं वाटतं. पण बरेच दिवस टाकत राहिलात, तर असर उतरला की त्या पुन्हा जास्तच फुगतात. तुमचं नाक आता सर्दीनं नाही, या थेंबांनी बंद होतंय. हवाच वर पोचत नाही, तर वास कसा येणार?"

"म्हंजे उघडते बी हेच अन् बंद बी हेच करते?"

"हो."

मामाजींनी माझ्याकडे वळून विचारलं, "ह्या बाई तुमच्या वळखीच्या हायत काय जी?"

बाईंनी सूज उतरवणारा दुसरा फवारा लिहून दिला आणि थेंब आधी एकाच नाकपुडीत बंद करायला सांगितले. "एक बाटली सोडवाले दुसरी बाटली कायले?" असं पुटपुटत मामाजी घरी गेले आणि त्यांनी या उपचाराची चौकशी समितीच बसवली. डावी नाकपुडी डॉक्टरीनबाईची, उजवी आपली! रोज मला फोन यायचा, "डावी बंद होऊन राहिली. तुमच्या बाईले सांगा." पण पुढे एका सकाळी डावीतून हवा वाहू लागली आणि थेंबांवर पोसलेली उजवीच बंद होती. मामाजी ओसरीत बसून अंगठ्याने एकेक नाकपुडी दाबून पाहत होते, असं मामीजी सांगतात. दुपारपर्यंत त्यांनी तेच केलं. मग उजवीचेही थेंब बंद झाले.

काही आठवड्यांनी मी गेलो होतो, तेव्हा जेवताना मामाजींचा हात मध्येच थांबला. "कोनचा तांदूळ हाय?"

"तोच," मामीजी म्हणाल्या. "तुमी बदलवला म्हनला तो."

ताट तसंच ठेवून ते उठले. मी मागोमाग मिलवर गेलो. शेठ खुर्चीत बसले होते. मामाजी त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सुवास होता रे. माह्याच नाकात गडबड होती. तू तवा बोलला काऊन नाई?"

शेठ हसले. "क्या बोलता? कोरोना में मेरी तो नाक ही चली गई, भाई. खुशबू-बदबू कुछ नहीं आता. तूने बोला, तो मुझे लगा, मशीन पे सचमुच बदल गया होगा."

मामाजी खाली बसले. शेठच्या नाकाला औषध नाही का, हे त्यांनी मला त्यानंतर कितीतरी वेळा विचारलं. डॉक्टरीनबाईंनाही विचारून आले. आता हंगामात चिन्नोर मिलवर आला की मामाजी जातात, मूठभर तांदूळ हातावर चोळतात, नाकाशी नेतात. शेठ त्यांच्या तोंडाकडे पाहत असतात.

"आया?"

"आला," मामाजी म्हणतात, आणि शेठ मान डोलावून तो तांदूळ वेगळा ठेवायला सांगतात.