पोटाचा डाग पाठीवर

"पोट दुखे म्हणून डाग देल्ला, बाई. आता पिकला," मुलीचा बाप म्हणाला.

मी मुलीला ड्रेसिंगच्या टेबलावर पालथं निजवलं होतं. आठ-नऊ वर्षांची असेल. अंगात ताप. पाठीवर एक पिकलेला डाग आणि आजूबाजूला जुने, वाळलेले.

आरमोरीच्या सरकारी दवाखान्यात मी तेव्हा नर्स होते. स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती, पण आमच्या चांदा जिल्ह्यात मुलाचं पोट दुखलं की दवाखान्याआधी तापलेली सळई येई. डाग देणं म्हणतात ते हेच. मला त्याची चीड होती आणि आजही आहे. पण असे डाग मी पुष्कळ पाहिले होते, सगळे बेंबीच्या आसपास. दुखतं पोट आणि डागायची पाठ, हा इलाज मी प्रथमच बघत होते.

"कोणी दिला, भाऊ?"

"गावातल्या बुढीनं."

"बरं. तुम्ही बाहेर बसा. ड्रेसिंगच्या वेळी आत कोणी नको."

असा काही नियम नव्हता. मी तो तिथल्या तिथे केला.

पडदा ओढून जखम धुतली. मग तिच्याच बोलीत विचारलं, "कोण्या बुढीनं देल्ला गं?"

पडद्याकडे बघून ती म्हणाली, "बुढी नाई. बाबाच देते. भात करपला म्हणून. कोणाले सांगितलं त तोंडावर देईन म्हणते."

तिची आई वारली होती. स्वयंपाक तीच करायची.

डॉक्टरसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "पट्टी करा आणि सोडा, सिस्टर. धानाच्या गिरणीचा मालक आहे तो. घरचा मामला आहे."

"साहेब, ही पोलीस केस आहे." म्हणजे जखम कोणी मुद्दाम केलेली असली की डॉक्टरने ठाण्याला कळवायचं.

"आणि साक्ष कोण देणार? ती पोर?"

मी पडदा तसाच ठेवून व्हरांड्यात आले. बाजाराचा दिवस होता, बाकं आसपासच्या गावांतून आलेल्या बायकांनी भरली होती. बापही तिथेच बसला होता.

"या भाऊंच्या शेजारी कोण राहतं?" मी मोठ्याने विचारलं. "यांच्या घरातलं पोरीचं रडणं कोणाला ऐकू येतं का?"

बाप उठला. "बाई, आमच्या घरात नाक खुपसू नोका."

"तुमच्या घरात नाही, माझ्या दवाखान्यात विचारते आहे. बसा खाली."

कडेवर लेकरू घेतलेली एक बाई हळूच म्हणाली, "येते ऐकू. आमची भिंतीले भिंत हाय. आमी दार लावून घेतो."

"मलेही येते," मागून दुसरी म्हणाली. मग तिसरी बोलली.

डॉक्टरसाहेब दारात येऊन उभे होते. आता त्यांना ऐकलं नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. त्यांनी ठाण्याला कळवलं. बापाला शिक्षा झाली, माझ्या मते कमीच. मुलगी वडशाला मावशीकडे गेली.

मुलाची जखम बघताना सोबतचं मोठं माणूस बाहेर, हा माझा नियम मी नोकरी संपेपर्यंत पाळला.

लवकरच माझी बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सिरोंच्याला झाली. निरोप देताना डॉक्टरसाहेब म्हणाले, "सिस्टर, थोडं गप्प बसला असतात तर इथेच राहिला असतात."

"होय साहेब," मी म्हटलं, "आणि ती पोरही तिथेच राहिली असती."