डिडिनियमची एकादशी

आमच्या आईला खोटं सांगणं फार सोपं. ती उलट प्रश्नच विचारत नाही, आणि म्हणूनच ते नंतर जास्त टोचतं. मी तिला सांगितलं, "आई, ह्या बरणीतलं भाताचं पाणी रोज सकाळी ड्रॉपरनं त्या दुसऱ्या बरणीत घालायचं. बस, इतकंच." आणि मी पेपर तपासायला भोपाळला निघून गेले.

पहिल्या बरणीत तांदळाचे दाणे होते, हे खरं. पण त्या पाण्यात पॅरामेशियम, म्हणजे चपलेच्या आकाराचे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव, वाढवलेले होते, हजारोंनी. दुसऱ्या बरणीत होते त्यांना खाणारे डिडिनियम. त्यांना पॅरामेशियमखेरीज जवळजवळ काही चालत नाही, आणि तेही जिवंतच लागतं. आमची आई साखरेच्या डब्यातल्या मुंग्यासुद्धा चिमटीत धरून गॅलरीत सोडून येते. तिच्या हातून मी रोज जिवंत घास भरवत होते. खरं सांगितलं असतं तर तिनं ड्रॉपरला हात लावला नसता, आणि माझं भोपाळ अडलं असतं.

मी इथे उज्जैनमध्ये एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. टावर चौकाच्या मागच्या गल्लीत आम्ही दोघीच राहतो. त्या बरण्या माझ्या एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीच्या होत्या. पोरगी देवासहून रोज बसनं यायची, इथल्या देवास गेट बसस्टँडला उतरून चालत कॉलेज गाठायची. क्षिप्रेकाठच्या एका डबक्यातून तिनं हे शिकारी शोधून काढले होते, आणि त्यावरच तिचं डिझर्टेशन होतं. घरी बहिणीचं लग्न निघालं, कॉलेजची लॅब परीक्षांमुळे बंद, म्हणून बरण्या माझ्याकडे आल्या.

तिचं भांडण आमच्या एचओडी सरांशी होतं. सिलिएट म्हणजे अंगावर बारीक केस असलेले एकपेशीय जीव. त्यातला हॅप्टोरिया हा गट शिकाऱ्यांचा. ह्यांच्या तोंडापाशी विषारी बाण दडवलेले असतात, भक्ष्याला टेकले की सुटतात. कुणाला लांब सोंड, कुणाला ताणता येणारी मान. डिडिनियम मात्र ठेंगणं, पिंपासारखं, पुढे टोकदार नाक आणि नाकाच्या शेंड्यावर तोंड. केस अंगभर नाहीत, फक्त दोन पट्टे, एक पुढे, एक मध्यावर. एकच पट्टा असला तर तो मोनोडिनियम, वेगळी प्रजाती. पोरीच्या रंगवलेल्या स्लाइडवर एकच पट्टा दिसत होता. सर म्हणाले, तुझं वर्गीकरणच चुकलंय, सगळं पुन्हा लिही. ती म्हणत होती, रंगवताना दुसऱ्या पट्ट्याचे केस झडले, जिवंत बघा. मग ठरलं की व्हायवाला बाहेरून येणाऱ्या परीक्षक मॅडमना जिवंतच दाखवायचं. पुन्हा लिहायचं म्हणजे अजून एक वर्ष, आणि तिच्या घरचे बहिणीपाठोपाठ हिचंही उरकून टाकायला टपलेलेच होते.

भोपाळहून मी परत आले तर बरणी अगदी जोरात. आईनं इमानेइतबारे घातलं होतं. मला इतका आनंद झाला की मी तिला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. मास्तरकीची खोड, एकदा तोंड सुटलं की सुटलं! "हे बघ नाक, हे बघ पट्टे, कसं गरगर फिरतंय. पोटात घोड्याच्या नालेसारखं केंद्रक आहे ना, ते रंगवल्यावर छान दिसतं. आता बघ हं, ते मोठं चपलेसारखं आलं की..."

आलंच ते. डिडिनियमचं नाक त्याला टेकलं, ते जागच्या जागी लुळं पडलं, आणि आपल्याहून मोठं ते धूड ह्या पठ्ठ्यानं तोंड फाकून सबंध गिळलं. मी तर टाळ्याच वाजवल्या.

आई डोळा न काढता बोलली, "ते मोठं कुठून आलं?"

"पहिल्या बरणीतून."

बोलून गेले आणि जीभ चावली. आई उठली, हात धुतले, पुन्हा एकदा धुतले.  

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. तिचा उपास, माझी साबुदाण्याची खिचडी. बरण्यांचं नाव तिनं काढलं नाही, मीही नाही. तीच घालत असेल, असं मी धरून चालले. खरं तर विचारायची लाज वाटत होती, म्हणून सोयीनं धरून चालले. कॉलेजात परीक्षांचा गोंधळ चालूच होता.

व्हायवा तोंडावर आला तेव्हा पोरगी बरणी न्यायला आली, हाताला अजून बहिणीच्या लग्नाची मेंदी. एक थेंब बघितला, दुसरा बघितला. "मॅडम, इसमें तो कुछ भी नहीं है." तिनं पुढचे थेंब घेतले, तेही रिकामे.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बेटा, मैंने खाना नहीं डाला. एकादशी को बंद किया, फिर डाला ही नहीं गया मुझसे."

माझं डोकंच फिरलं. "आई, तुला कळतं का काही? वर्ष जाईल हिचं! हिचं लग्न लावून मोकळे होतील घरचे! तुझं पुण्य सांभाळायला हिचा बळी?"

आई खुर्चीवर बसली. चेहरा इतकासा झाला तिचा. पोरगीच उलट तिच्या पाठीवर हात फिरवायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं बोलायचं मी, आणि ओरडायचं पण मीच!

तेवढ्यात आठवलं, उपासमार झाली की डिडिनियम मरतोच असं नाही. अंगाभोवती कवच करून गोळा होऊन पडतो, आणि ताजं खाणं आलं की पुन्हा बाहेर येतो. बरणीच्या तळाचा गाळ घेऊन बघितला तर होतेच, गोल गोल, गपगार. जीव भांड्यात पडला. पहिल्या बरणीतले पॅरामेशियम अजून जिवंत होते, मी ड्रॉपर घेतला.

"दे इकडे," आई म्हणाली. "मी बंद केलं होतं, मीच घालते."

"राहू दे गं, मी घालते ना."

"आधी दाखव मला, कुणाला घालतेय ते."

मी पॅरामेशियमचा थेंब काचेवर ठेवला. आई बराच वेळ बघत बसली. "किती धावपळ चाललीय यांची," म्हणाली. मग स्वतःच्या हातानं ड्रॉपर भरला आणि बरणीत रिकामा केला. पोरीला म्हणाली, "अब तुम जाओ बेटा, चिंता मत करो." त्या दिवशी तिनं फक्त पाणी घेतलं. मी जेवले. तिच्यासारखा उपास करायला मला तोंड कुठे होतं?

व्हायवाच्या दिवशी बरणी पुन्हा भरलेली होती. परीक्षक मॅडमनी डोळा लावला, दोन्ही पट्टे मोजले, एचओडी सरांना बोलावून दाखवले. वर्गीकरण बरोबर ठरलं. पोरगी लॅबच्या दारातच रडली. मी पेढे घेऊन घरी आले.

आईनं पेढा हातात घेतला. "झालं ना पोरीचं? चांगलं झालं बाई." मग म्हणाली, "आता बरणीतली ती कुठेयत?"

प्रॅक्टिकल संपलं की करतो तेच मी केलं होतं, बेसिनमध्ये बरणी उलटी केली आणि वरून नळ सोडला. मनात काही आलंसुद्धा नव्हतं. नदीत सोडली म्हणून सांगता आलं असतं, तिनं लगेच खरं मानलं असतं.

"बेसिनमध्ये ओतली," मी म्हटलं.

"खाणारी पण?"

"सगळी."

तिनं पेढा डब्यात परत ठेवला. "मला आधी सांगायचंस गं," ती म्हणाली. "मी नाही म्हटलं नसतं. एकदा बघून घेतलं असतं फक्त."