मुंगवड्यांच्या डब्यातला कार्बोरेटर

आमच्या घरातली एक गोष्ट फक्त मला आणि वाळवणातल्या मुंगवड्यांच्या डब्याला माहीत आहे. डबा बोलत नाही. मी तशी बोलकी बाई — आळीत कुणाच्या सुनेला कितवा महिना लागला इथपासून सगळं माझ्या तोंडी असतं. पण हे नाही. सख्ख्या बहिणीजवळ नाही, पोटच्या पोरीजवळ नाही. देवासमोर हात जोडले तेव्हासुद्धा हा विषय टाळून मी दुसरंच काहीतरी मागितलं. आज तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमत असेल कदाचित.

आधी आमचे हे कसे आहेत ते सांगायला हवं. सेलूच्या एका शाळेत हे प्रयोगशाळा सहायक होते. सगळी नोकरी बाटल्या पुसण्यात, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात आणि जिथली वस्तू तिथे ठेवण्यात गेली. घरीही तेच. लाईट गेली की मी मेणबत्ती शोधत धडपडायचे, आणि हे अंधारात हात घालून ती काढून द्यायचे. वर म्हणायचे, "जागच्या जागी असलं का शोधा लागत नाई." या एका वाक्याने मला संसारभर छळलं आहे. मी वेंधळी, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा हुडकणारी. नातेवाइकांत माझी थट्टा व्हायची आणि यांचा दाखला दिला जायचा. कुणाला आपल्या आवाजाचा अभिमान असतो, कुणाला शेताचा — यांना याचा होता. दुसरं काही मिरवण्यासारखं त्यांच्याजवळ नव्हतं, आणि त्यांना ते लागतही नव्हतं.

आणखी एक. माझे सासरे शेवटी शेवटी सगळं विसरायला लागले होते. भलत्याच्या दारात जाऊन उभे राहायचे आणि तिथल्या लेकरांना विचारायचे, माझं घर कोणतं रे? हे त्यांना हाताला धरून परत आणायचे. त्याबद्दल हे कधी बोलले नाहीत. पण त्यांना कशाची भीती वाटते ते मला माहीत होतं. मला माहीत होतं, हे लक्षात ठेवा.

रिटायर झाल्यावर यांनी एक भूत घरात आणलं. आर्वीकडे एका वावरात कडबा कापायच्या यंत्राला जुन्या मोटरसायकलचं इंजिन जोडलेलं यांना दिसलं. दोन सायलेन्सरांची ती जुनी गाडी, जिची किक मारायची दांडी पुढे पाडली की तीच गिअरची होते. तरुणपणी यांच्या हेडमास्तरांकडे तशी होती, आणि यांच्या वाट्याला ती फक्त पुसायला यायची. इंजिन घरी आलं. मग त्याच्याभोवती गाडी जमवायची होती! सांगाडा एकीकडे, टाकी दुसरीकडे, चाकं तिसरीकडे. अंगणात पत्र्याचं शेड झालं, भिंतीवर डबे लागले, डब्यांवर चिठ्ठ्या चढल्या. मी म्हटलं, पुन्हा शाळा भरली.

पण ऐका — त्या भुताने मला रविवार दिले. लग्नानंतर आम्ही दोघं कुठे गेलो म्हणाल, तर दवाखान्यात आणि दुसऱ्यांच्या लग्नांत. आता दर रविवारी सकाळी हे स्कूटर काढायचे आणि मी मागे बसायचे. पुलगाव, देवळी, हिंगणघाट, जिथे कबाडी तिथे आम्ही. वाटेत कुठेतरी तर्री-पोहे. पवनारच्या पुलावर थोडं थांबणं. स्कूटरवर वाऱ्यात हे मागे मान वळवून बोलायचे — घरात कधी बोलले नाहीत एवढं बोलायचे. हेडमास्तरांच्या गोष्टी, वडिलांच्या गोष्टी. मला निम्मं ऐकू यायचं नाही, तरी मी हो हो करायचे. कोणता कबाडी 'नाही' म्हणतो आणि त्याच्याकडे असतं, हे मला चेहऱ्यावरून कळायला लागलं होतं. आणि कार्बोरेटर तर मलाच सापडला. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला पाजतो तो, पेरूएवढा धातूचा डाग. त्याच गाडीचा, अस्सल, पुलगावात पंख्यांच्या ढिगाखाली पडलेला. यांनी तो हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुई नजर भारी हाय वं शोभा." असं हे मला कधी म्हणाले नव्हते. मी तो दिवस पुष्कळदा आठवते.

यांनी तो रॉकेलने धुतला, मेणकागदात गुंडाळला, डब्यात ठेवला, चिठ्ठी लावली. सगळं जमलं की सर्वांत शेवटी बसवायचा, असं ठरलं होतं.

मग सीट आली. यांनी हौसेने बनवून घेतली होती — स्प्रिंगवाली, कातड्याची, एकाच माणसाची. मागे सामानाला कॅरिअर. मला अंगणात बोलावून म्हणाले, पाहा. नागपूरच्या जुन्या गाड्यावाल्यांबरोबर चिखलदऱ्याला जायचं म्हणत होते. मी विचारलं, आणि मी कुठे बसू? हे हसले. वाईट हसले असं नाही, सहज हसले. "तू कायले येतंस एवढ्या दूर? पाठ दुखते न तुई." आणि पुन्हा फडक्याने सीट पुसायला लागले.

झालं एवढंच. हे मी माझी बाजू म्हणून सांगत नाही आहे. एवढ्याशा गोष्टीवर बाई रागावू शकते, रडू शकते, दोन दिवस मिठाशिवाय वरण वाढू शकते. मी काय केलं? हे दाढी करायला गेले तेव्हा मी शेडमध्ये गेले, कार्बोरेटर काढला, रिकामा डबा चिठ्ठीसकट जागच्या जागी ठेवला, आणि तो डाग मुंगवड्यांच्या डब्यात खाली घालून वर मुंगवड्या पसरल्या. स्वयंपाकघरातल्या डब्यांना हे हात लावत नाहीत. एवढी हुशारी वेंधळ्या बाईला कुठून सुचली?

दोन दिवसांनी परत ठेवणार होते. खरंच. पण यांनी डबा उघडला तेव्हाचा यांचा चेहरा पाहून मला — लाज वाटते लिहायला — गंमत वाटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हे काहीतरी शोधत होते आणि मी बसून पाहत होते. मी म्हटलंसुद्धा, "जागच्या जागी असलं का शोधा लागत नाई." हेही हसले तेव्हा.

आणि रविवार परत सुरू झाले. दुसरा कार्बोरेटर हुडकायला आम्ही पुन्हा निघालो. "येतंस न?" असं आता हे विचारायला लागले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना? इथे कळसा माझ्या काखेत होता आणि वळसा हे घालत होते, आणि मी मागे बसून वारा खात होते.

त्या साली मुंगवड्यांच्या भाजीला रॉकेलचा वास आला. मला पहिल्याच घासाला कळला. यांनी घास तोंडात थांबवला, माझ्याकडे पाहिलं. "वास येते काय?" मी म्हटलं, नाही तर. यांनी गिळला. म्हणाले, "मलेच येत असन मग." आणि ताटातलं सगळं जेवले. त्या दिवशी मी उठून डबा उघडायला हवा होता. त्याच ताटापुढे. नाही उघडला.

त्यानंतर यांच्यात फरक पडत गेला. कडी लावली की परत जाऊन पाहायचे. गॅस बंद केला की उभे राहून त्या बटणाकडे पाहत राहायचे. शेडमधल्या प्रत्येक डब्यात काय आहे ते आधी मोठ्याने म्हणायचे, मग उघडायचे, आणि ते बरोबर निघायचं — दर वेळी बरोबर निघायचं — तरी चेहऱ्यावर समाधान नसायचं. एका संध्याकाळी हे माझ्याजवळ येऊन बसले. "शोभा, खरं सांगजो. मी बाबासारखा होऊन राह्यलो काय?"

तुम्ही असता तर काय केलं असतं? मला उत्तर नको आहे, तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. कुणीही बोललं असतं. मी म्हटलं, वय झालं आता, चालायचंच. कारण तोवर खूप उशीर झाला आहे असं मला वाटत होतं. आता कळतं, तेव्हा काहीच उशीर झालेला नव्हता.

आणि तरीही हे सगळं मी कदाचित सहन केलं असतं. डब्यात डाग लपवला, हट्टी बाई, मूर्ख बाई — ठीक. जे सांगायला मी इतका वेळ घोळवते आहे ते पुढे आहे.

पोरीने यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. मीही गेले. तिथे डॉक्टरीणबाईंनी यांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले, काही शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. यांनी सगळं बरोबर सांगितलं. मशीनमध्ये काढलेला मेंदूचा फोटोही चांगला निघाला. बाई म्हणाल्या, काका, मला तर काही दिसत नाही. मग माझ्याकडे वळून विचारलं, "काकू, घरी काही विसरतात का?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. आशेने पाहिलं असं मी म्हणेन. मी नाही म्हटलं असतं तर हा माणूस तिथून नाचत घरी आला असता.

मी म्हटलं, "हो, विसरतात. वस्तू कुठे ठेवतात आणि कुठे शोधतात."

का म्हटलं? नाही म्हटलं असतं तर प्रश्न उरला असता — मग कार्बोरेटर गेला कुठे? पोरगी समोर उभी होती. आयटीआयमध्ये शिकवते ती, तिचा मेंदू असल्या प्रश्नाला धरून बसतो. मी स्वतःला वाचवलं. एका शब्दात, चष्मा पुसत, नवऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून. परत येताना रिक्षात हे एवढंच म्हणाले, "मशीनले काय समजते. घरचं माणूसच सांगू शकते."

पुढच्या आठवड्यात यांनी स्कूटरची चावी पोरीच्या हातात दिली. कुणी मागितली नव्हती. रविवार तिथेच संपले.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट. पोरीने यांना न सांगता वेगळ्याच गाडीचा कार्बोरेटर आणला आणि तो बसावा म्हणून मधला तुकडा स्वतः लेथवर काढला. पूर्वी हे असल्या भेसळीला उभंही करत नसत. आता खपवून घेतली. सकाळी तिने किक मारली. तिसऱ्या की चौथ्या किकला गाडी बोलली. निळा धूर, टण् टण् आवाज, आळी गोळा झाली. हे शेडच्या खांबाला धरून ऐकत होते. डोळे भरले होते. पोरगी म्हणाली, "बाबा, बसा न."

हे बसले. त्या एकट्याच्या सीटवर. काय शोभून दिसत होते, काय सांगू. मी मनात म्हटलं, जा. जा आता. चिखलदऱ्याला जा, कुठेही जा, मला नको नेऊस. लग्नानंतर पहिल्यांदा मी यांना मनातल्या मनात एकेरीत बोलले.

यांनी क्लच दाबला. फाटकाकडे पाहिलं. मग हात सैल सोडला आणि उतरले. "तूच चालव बेटा. मी गेलो न, तं वापस यायचा रस्ता विसरीन." आणि माझ्या बाजूला येऊन उभे राहिले, दंडाला धरून, लहान मूल धरतं तसे. माझ्या कानाशी म्हणाले, "तू हायेस म्हणून बरं."

पोरगी गाडी घेऊन चौकापर्यंत जाऊन आली. मी उभी होते. स्वयंपाकघर पाच पावलांवर होतं, डबा तिथेच होता. मी गेले नाही.

आता हे माझ्याशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नाहीत. मला सोबत पाहिजे होती ना? मिळाली. दिवसभराची मिळाली.

हे लिहीत बसले आहे आणि बाहेरून हाक आली. "अवं, मी चाय घेतला काय?" घेतला आहे. त्यांना आठवतं आहे, कप स्वतः विसळून पालथा घातला त्यांनी, मी इथून पाहिलं. तरी विचारतात. मी सांगेन तेच खरं, असं आता त्यांना वाटतं.

"घेतला," मी म्हटलं.