काल कितीजण भेटले?

हे मी लिहिणारच नव्हते खरं तर. आत्या म्हणाली, माझ्यावर काय लिहितेस, दुसरं काही सुचत नाही का. पण राहवलंच नाही.

तर आत्याचं काम म्हणजे दारोदार फिरून एकच विचारायचं, काल कोणाकोणाशी समोरासमोर बोललात आणि किती वेळ? निम्म्या लोकांना वाटतं, ही लग्नाची चौकशी आहे, उरलेल्यांना वाटतं पोलिसांची. त्या फॉर्मांवरून ऑफिसातले गणितवाले सर हिशेब मांडतात, की उद्या तापाची साथ आली तर ती कुठल्या गल्लीतून कुठे पळेल आणि लस आधी कुठे न्यायची.

तिसऱ्या मजल्यावर एकटे राहणाऱ्या म्हाताऱ्या टेलरकाकांनी सतरा माणसं सांगितली. अख्ख्या वस्तीत पहिला नंबर. सर खूश, काकांची गल्ली कॉम्प्युटरवर लालभडक, लशीची गाडी आधी तिकडेच जाणार. फक्त त्या सतराजणांची वयं लिहायची राहिली होती म्हणून आत्या परत गेली. काकांनी वयं सोडून मापंच सांगितली. छाती छत्तीस, बाही तेवीस, ह्याचा उजवा खांदा जरा उतरता. घडाघडा. पाचव्या माणसाला आत्याने लिहिणं थांबवलं. तिने हळूच विचारलं, काका, हे सगळे काल आले होते?

काका म्हणाले, "दुकान होतं तेव्हाचे आहेत. कालचं शून्य आहे गं. पण शून्य नको लिहूस, पाच तरी लिही."

आत्याचा जीव तुटला. पण खोटे पाच लिहिले तर लस भलत्याच गल्लीत आणि शाळेजवळची गर्दीची गल्ली तशीच राहणार. ती म्हणाली, "खोटं नाही लिहिता येत मला. पण खरं वाढवता येईल की." तिने शून्य लिहिलं, पेन ठेवलं आणि अंगातला ढगळ कोट काढून दिला, बाह्या आखूड करा म्हणून. मग दोघं तासभर गप्पा मारत बसले.

नवा आकडा बघून सरांनी कपाळावर हात मारला, गल्लीचा लाल रंग पुसला. आणि मग विचारलं, बाह्या कोणी केल्या, झकास बसल्यात. दुसऱ्याच दिवशी सर पँट घेऊन तीन जिने चढले, धापा टाकत. त्यांच्या मागोमाग वॉचमन, मग वॉचमनची सासू.

पुढच्या फेरीला काकांनी दारातच ऐटीत सांगितलं, "चार. तपासून घे हवं तर."

आत्याने खरंच तपासलं. चारच होते.

तुमच्याही ओळखीत असं कोणीतरी असेल ना, ज्यांचं कालचं शून्य आहे आणि ते सांगत नाहीत? ह्याच आठवड्यात जा त्यांच्याकडे. शिवायला काही नसेल तर नुसतेच जा.