घोषणा काढ, डबा सुटेल

आमच्या वाडीच्या विहिरीत एप्रिल लागला की पहाटे कमरेएवढं पाणी असतं आणि सकाळी सातला चिखल. रात्रभर झिरपून जे साठतं ते बायका उजाडायच्या आत शेंदून नेतात. ज्यांच्या वाट्याला चिखल येतो त्या खालच्या झऱ्यावर जातात, जांभ्याच्या पायऱ्या उतरून, आणि भरलेला हंडा घेऊन त्याच पायऱ्या चढून. त्यात माझी काकी असते. तिच्या डाव्या गुडघ्याला डॉक्टरांनी पायऱ्या बंद सांगितल्यात. गुडघ्याला ते पटलंय, विहिरीला अजून नाही.

टँकर मागितला की पाहणी होते. मागच्या वर्षी झाली. तालुक्याच्या कचेरीतले साहेब अकराला आले, विहिरीत वाकले, पाणी दिसलं, 'पाणी उपलब्ध' लिहिलं, चहा प्याले आणि गेले. पाणी दिसलं कारण त्या सकाळी वाडीत कोणी कळशीभरही शेंदलं नव्हतं. साहेब उन्हातून येणार, त्यांना काय गढूळ पाण्याचा चहा द्यायचा? टँकर मिळावा म्हणून बोलावलेल्या माणसाच्या पाहुणचारासाठी अख्ख्या वाडीने तहान मारून विहीर राखून ठेवली होती. असा अतिथी देव जगात दुसरीकडे कुठे पुजत नसतील.

मी तेव्हा पत्रक काढलं. चौदा मागण्या, सात उद्गारचिन्हं. उरलेल्या गठ्ठ्यात काकी अजून शेजारणींना सुकट बांधून देते. माझ्या लिखाणाचा एवढा प्रसार दुसऱ्या कुणी केलेला नाही.

या वर्षी ठरवलं, भाषण बंद, आकडे बोलतील. माझा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा आहे, हे चळवळीच्या नादात घरच्यांप्रमाणे मीही विसरले होते. एक छोटं यंत्र जुळवलं. ते विहिरीच्या रहाटाखाली टांगायचं. ते पाण्याच्या दिशेने आवाज सोडतं, परत आलेल्या आवाजावरून पाणी किती खाली आहे ते मोजतं आणि दर अर्ध्या तासाला मेमरी कार्डावर लिहून ठेवतं. भिजू नये म्हणून आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात बसवलं. डब्यावर हापूस आंब्याचं चित्र होतं. दहा दिवसांच्या नोंदी छापल्या आणि डब्यासकट साहेबांच्या टेबलावर ठेवल्या.

साहेबांनी कागदांना हात लावला नाही. डबा फिरवून बघितला.

"हे काय आहे?"

"पाण्याची पातळी मोजणारं यंत्र."

"हा आइस्क्रीमचा डबा आहे."

"आतलं यंत्र..."

"मॅडम, उद्या कोणी श्रीखंडाच्या डब्यात भूकंप मोजेल. आम्ही तोही फायलीला लावायचा?"

टेबलाच्या आसपास सगळे हसले. मीही हसले असते, पण मला काकीचा गुडघा आठवला.

परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सत्य बिनचूक असून भागत नाही, त्याचा डबा कंपनीचा दिसावा लागतो. इलेक्ट्रिकच्या दुकानातली तयार पेटी आणून बघितली. माझं यंत्र तिच्यात मावेना, आणि तसली पेटी साहेबांच्या स्वतःच्या पंपाला असणार, ती त्यांनी लगेच ओळखली असती. तेव्हा डबा घरीच ओढायचा ठरला.

ओढायचा म्हणजे असा: प्लॅस्टिकचा पत्रा तापवून मऊ करायचा, साच्यावर टाकायचा आणि खालून हवा शोषून घ्यायची. पत्रा साच्याला चिकटून बसतो आणि थंड झाला की तोच आकार धरतो. कारखान्यात याला मोठं मशीन असतं. आमच्याकडे मुंबईचा दादा होता. हा काकीचा मुलगा. एका गणपतीला त्याने आईला व्हॅक्युम क्लीनर आणला, पुढच्या गणपतीला ओव्हन. शेणाने सारवलेल्या घरात व्हॅक्युम क्लीनर उशीच्या अभ्र्यात गुंडाळून कपाटावर विराजमान होता. ओव्हनमध्ये काकी रेशनकार्ड आणि गोळ्यांच्या पट्ट्या ठेवायची, का तर उंदीर जात नाही.

मी दोन्ही मागितले तेव्हा काकी म्हणाली, "ने गो बाय. वापरतंय कोण? पण दादाला सांगू नको, त्याला वाटेल आपण वापरतो, आणि तो तिसरं काहीतरी आणील."

लाकडी खोका केला, वरच्या फळीला भोकंच भोकं पाडली, बाजूला व्हॅक्युम क्लीनरची नळी चिंध्या कोंबून बसवली. नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून पांढरा पातळ पत्रा आणला. फोटोच्या दोन चौकटींमध्ये तो चिमट्यांनी आवळला. राहिला साचा.

साच्यासाठी मी गणपतीच्या शाळेत गेले. आमच्याकडे मूर्ती घडवतात त्या जागेला शाळाच म्हणतात. एप्रिलात तिथे सुट्टी असते. मूर्तिकार काका साच्यांच्या ढिगाला टेकून पेपर वाचत होते. त्यांनी मला प्लास्टरचा विटेएवढा ठोकळा ओतून दिला, बाजू वर निमुळत्या करून घेतल्या, हवा जायला दाभणाने कोपऱ्यांत बारीक भोकं पाडून दिली आणि बजावलं, "आठ दिवस उन्हात ठेव. घाई नको."

मला घाई होती. तिसऱ्या दिवशी पत्रा तापवला. ओव्हनच्या काचेतून बघत होते. पत्रा आधी सुरकुतला, मग ताठ झाला, मग घावन उलटताना मधे लोंबतं तसा लोंबला. तीच वेळ. झटकन काढून साच्यावर दाबला, क्लीनर चालू केला आणि अख्ख्या घराची लाईट गेली. ओव्हन आणि क्लीनर एकदम चालवणं आमच्या वायरिंगला मान्य नव्हतं. पुढच्या खेपेला आधी ओव्हन बंद केला. क्लीनर गुरगुरला, पत्रा फसकन खाली बसला, आणि ओल्या साच्यातली वाफ वर येऊन डब्यावर देवीचे फोड उठले.

साचा निमूटपणे आठ दिवस वाळवला. आणि या आठ दिवसांत मला सुचलं. डबा कोरा कशाला? जाड पुठ्ठ्याची अक्षरं कापली आणि साच्याच्या चारही बाजूंना चिकटवली: 'पाणी हक्काचं'. साहेब डबा कुठूनही धरोत, बोटांखाली मागणी आलीच पाहिजे.

या वेळी पत्रा सुंदर बसला. अक्षरं अशी उठून आली की मी टाळ्या वाजवल्या. मग डबा साच्यावरून काढायला गेले. निघेना. सुरी घातली, थापट्या मारल्या, काकीने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने ओढलं. थंड होताना प्लॅस्टिक आकसतं, आणि त्याने माझं एकेक अक्षर घट्ट धरून ठेवलं होतं. शेवटी जोर केला तर डबा फाटला आणि साच्याचा कोपरा उडाला.

मूर्तिकार काकांनी ते प्रेत बराच वेळ न्याहाळलं.

"गो बाय, सोंडेखाली साचा अडकतो म्हणून आम्ही देवाची सोंडसुद्धा मागाहून लावतो. तुझी घोषणा देवापेक्षा मोठी काय?"

"काका, पण घोषणेशिवाय डब्याला अर्थ काय?"

"डब्याला अर्थ नसतो, झाकण असतं. घोषणा काढ, डबा सुटेल."

मी अर्धा तास वाद घातला. त्यांनी तेवढ्यात उडालेला कोपरा भरून दिला, अक्षरं खरवडली आणि साच्याला शंखजिऱ्याची पूड चोळली. मूर्तीचा साचा सुटावा म्हणून तीच लावतात. ते वाळल्यावर ओढलेला डबा नुसत्या टिचकीने उचलला गेला. गुळगुळीत, पांढरा, गोल कोपऱ्यांचा, आणि कसलंही मत नसलेला. कडा कापल्या, खाली यंत्राच्या आवाज सोडणाऱ्या आणि ऐकणाऱ्या दोन डोळ्यांना भोकं पाडली, मागे सपाट पत्र्याचं झाकण स्क्रूंनी बसवलं. झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने 'पाणी हक्काचं' लिहिलं. सवय लगेच जात नाही.

तो डबा आणि नव्या नोंदी पाहून साहेबांनी चष्मा लावला. डब्यावर नख वाजवलं.

"हां. आता कसं. कुठल्या कंपनीचं?"

"रत्नागिरीचंच आहे."

"अच्छा, एमआयडीसी."

खरं बोलण्यावर मी दोन पत्रकं काढली आहेत. त्या दिवशी मी गप्प बसले. पाहणीची तारीख मिळाली आणि डबा पुन्हा रहाटाखाली टांगला.

पाहणीच्या सकाळी मी तालुक्याहून लॅपटॉप घेऊन पोचले आणि विहिरीत डोकावले. कमरेएवढं नितळ पाणी.

"काकी! पुन्हा?"

"अगो, साहेब उन्हातून येणार..."

"मग टँकर कसा मिळणार? पुन्हा पायऱ्या उतरायच्यात का तुला?"

"उतरीन. पण घरी आलेल्या माणसाला गढूळ चहा देणार नाय."

साहेब आले, वाकले, खिशातून पेन काढलं. मी धावत कार्ड काढून लॅपटॉपला लावलं आणि पडदा त्यांच्यापुढे धरला. रोज पहाटे वर चढणारी आणि सातला तळाला टेकणारी रेघ, दिवसामागून दिवस तशीच, करवतीच्या दातांसारखी. फक्त शेवटची, आजची, वर जाऊन तिथेच थांबलेली.

"आज काय झालं?" साहेबांनी विचारलं.

मी घसा खाकरला. चौदा मागण्या पाठ होत्या. तेवढ्यात काकी चहाचा ट्रे घेऊन लंगडत आली.

"आज कोणी शेंदलं नाय साहेब. तुम्ही येणार म्हणून."

साहेबांनी कपाकडे बघितलं, रेघेकडे बघितलं, मग सकाळपासून रिकाम्या कळश्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांकडे बघितलं. चहा त्यांनी संपवला, उष्टा टाकायची त्यांची छाती झाली नाही. मग लिहिलं: सकाळी सातनंतर विहीर कोरडी, टँकर द्यावा. खाली कंसात, 'प्रमाणित यंत्राच्या नोंदीनुसार'. प्रमाणपत्र कोणी दिलं ते त्यांनी विचारलं नाही. शंखजिऱ्याने, असं मी सांगितलं असतं.

टँकर चौथ्या दिवशी आला. काकीला पायऱ्या उतराव्या लागल्या नाहीत. तिचा पहिला हंडा भरला तशी मी म्हटलं, "आता बस जरा, पाय लांब कर."

"बसते गो," ती हंडा उचलत म्हणाली, "आधी डायवरला चहा टाकते."