पुंडलिकभाऊंचं लिनक्स

पुंडलिकभाऊंच्या करदोड्याला पेटीची किल्ली असायची आणि तिच्या शेजारी एक पेनड्राइव्ह. अहेरीच्या आठवडी बाजारात ते भाजीवाल्यासमोर उकिडवे बसले की तो सदऱ्याखालून लोंबायचा. "हे का हाये, भाऊ?" असं कुणी विचारलं की ऐटीत सांगत, "लिनक्स. नवीन आनलं." निम्म्या लोकांना ते औषध वाटे.

ते वनखात्याच्या लाकूड डेपोत होते. सागाचे लठ्ठे ठोकून, बुडाशी-शेंड्याशी न्याहाळून त्यांची प्रत ठरवायची, हे काम. खोट काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. "वरून साग दिसते गुरुजी, आतून पोकळ निंगते. ठोकल्याबिगर घेवाचं नाई," हे ते मला, म्हणजे शेजारच्या शाळामास्तराला, लाकडाबद्दल सांगत तसंच टोमॅटोबद्दलही.

घरात दोघंच, ते आणि शोभावहिनी. मूलबाळ नव्हतं. घुग्घुसला भावाकडे गेल्या असताना वहिनींना गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम आवडला. पडदा मधोमध वाटलेला, वर एकाची गाडी, खाली दुसऱ्याची. भाच्यांना हरवून आल्या आणि तेव्हापासून त्यांचं एकच मागणं, "अवो, एक डाव माह्यासंग खेळा न." भाऊंनी हौसेने दोन जॉयस्टिक आणल्या. घरचा कॉम्प्युटर जुना, नवीन विंडोज त्याला पेलेना, म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली, लिनक्स, पेनड्राइव्हवरून टाकली. लिनक्सचे प्रकार ढीगभर असतात, हे मात्र त्यांना कुणी सांगायला नको होतं.

पहिल्याच लिनक्सवर ती शर्यत चालली. मी तिथेच होतो. वळणावर चित्र किंचित अडकायचं, वहिनींची गाडी झाडावर जायची आणि त्या पोट धरून हसायच्या. भाऊंनी मात्र लठ्ठ्याला चीर दिसावी तसा चेहरा केला आणि डाव अर्ध्यावर बंद केला.

"चालते न," वहिनी म्हणाल्या. "अडकते थोडी, त्यानं का होते?"

"थांब न वं. गेमसाठी याच्याहून चांगलं लिनक्स हाये म्हन्ते. अजून एक पाहू."

मग उबंटू झालं, मिंट झालं, फेडोरा झालं, आणखी कुठली कुठली नावं झाली. एकावर आवाज खरखरे, एकावर एकच जॉयस्टिक चाले, एकावर सगळं ठीक असे, पण दुसरं जास्त वेगवान आहे असं भाऊंनी कुठेतरी वाचलेलं असे. नवं टाकायचं म्हणजे जुनं पुसायचं, गेमसकट. संध्याकाळी वहिनी शेंगा सोलत बाजूला बसत. "काऊन जी, आज होते का?" "उद्या पक्कं." मी चिडवायचो, "भाऊ, सारं जंगल हिंडून झालं, आता एका झाडाखाली बसा." ते हसत, पण बसत नसत. मला राग यायचा. आणि तरी सारा खटाटोप ते वहिनींसाठीच करत होते. बायकोच्या हातात खोट असलेली वस्तू द्यायची नाही, एवढाच त्यांचा हट्ट होता.

गेल्या उन्हाळ्यात डेपोत, लठ्ठ्यांमध्येच, ते छातीला हात लावून खाली बसले. गडचिरोलीला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरवी झाल्यावर वहिनींनी मला बोलावलं. "गुरुजी, थो कॉम्प्युटर तेवढा पाहून द्या न." शेवटचं लिनक्स नीट लागलेलं होतं, फक्त गेम टाकायचा राहिला होता. मी टाकला. झकास चालला. आवाज स्वच्छ, दोन्ही जॉयस्टिक सुरू, कुठे अडखळणं म्हणून नाही. भाऊंची निवड अखेर बिनचूक ठरली होती, आणि मला वाईट वाटलं ते त्याचंच.

वहिनींनी एक जॉयस्टिक हातात घेतली. वरची गाडी सुटली, खालची रेषेवरच उभी राहिली. पहिल्या वळणावर त्यांनी बोट काढून घेतलं.

"मले कुठी जिंकाचं होतं, गुरुजी," त्या म्हणाल्या. "तवा अडकत होती, पन दोघायची चालत होती."