बिनपायडलाची सायकल

काकूंना ते स्वप्न लहानपणापासून पडायचं. आपण सायकलवर बसलोय, रस्ता उताराचा आहे आणि पाय नुसतेच लोंबकळताहेत. पायडलं नाहीतच, आणि त्याचं काही वाटतही नाही. मागून चपलांची फटफट यायची, आणि तिच्यासोबत लोखंडावर लोखंड आपटल्याचा बारीक आवाज. कोण येतंय म्हणून वळून पाहिलं की जाग! मग काकू कूस बदलून पुन्हा डोळे मिटायच्या, पण गेलेलं स्वप्न असं हाका मारून थोडंच परत येतं.

जागेपणी मात्र त्यांना सायकल येत नव्हती. अर्धा जन्म लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहण्यात गेला. तिथे सगळे त्यांना काकूच म्हणत. त्यांच्याहून वयाने मोठा असलेला मालकसुद्धा. चादरीवर पाणी शिंपडून इस्त्री फिरवली की वाफ उठायची आणि काकूंचं मन उंडारायला निघायचं. पांढरी चादर हाच रस्ता. कडेपर्यंत जायचं, अलगद वळायचं, परत यायचं. अशाच एका तंद्रीत त्यांनी कुणाच्या तरी लग्नाच्या शर्टाची बाही जाळली होती. मालक अजून ते उकरून काढतो.

गुडघे साथ देताहेत तोवर एकदा तरी, असं काकूंनी मनाशी घेतलं आणि जुन्या सायकलींच्या दुकानातून एक हिरवी सायकल आणली.

"मोठ्या माणसाने शिकायचं तर आधी पायडलं काढून टाकायची," दुकानदार म्हणाला. "सीट खाली घ्यायची आणि पायांनी जमीन ढकलत जायचं. तोल सापडला की पायडलं परत बसवा. काढून देऊ का?"

"छे! आमच्या घरात पान्यांचंच राज्य आहे," काकू ऐटीत म्हणाल्या.

"मग उत्तम. नाहीच जमलं तर रविवारी दुकान बंद व्हायच्या आत परत आणा. नंतर मी ऐकून घेणार नाही."

पाने काकांचे. काका म्हणजे काकूंचा नवरा. नळजोडणीच्या कामात हयात गेलेला. पाहुणे म्हणून कुणाकडे गेले आणि गळका नळ दिसला, तरी त्यांचा हात शिवशिवायचा. असा माणूस घरात असताना दोन पायडलांचं काय ते मोठं?

रविवारी दुपारी मागच्या अंगणात सायकल उभी केली. उजवं पायडल थोडं कुरकुरलं आणि निघालं. डावं मात्र हट्टाला पेटलं. काकांनी रॉकेल ओतलं, हातोडीने ठोकलं, पान्याला लांब पाईप लावून जोर केला. घामाघूम झाले, पण पायडल जागचं हलेना.

"आतून गंजलंय गं. हे काही निघायचं नाही. परत देऊन टाकू. आणि आपल्याला या वयात शोभतं का हे?"

काकू पायरीवर बसल्या होत्या. त्यांना रडूच यायला लागलं. आज ही सायकल गेली की पुन्हा दुसरी आणायचा धीर आपल्याला होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. उन्हं भिंतीवर चढली होती. दोरीवरचे कपडे हळू हलत होते, हिरवी सायकल पुसट व्हायला लागली होती, आणि काकू नुसत्या काकांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. बघता बघता त्या ताठ झाल्या.

"अहो, तुमची जीभ."

"काय झालं जिभेला?"

"बाहेर आलीय. कोपऱ्यातून."

काकांनी पटकन जीभ आत घेतली. पण नळ आवळताना त्यांची जीभ ओठाच्या कोपऱ्यात येते, सोडवताना कधीच येत नाही, हे काकू लग्न झाल्यापासून बघत आल्या होत्या.

"आवळताय तुम्ही ते!"

काका पान्याकडे बघतच हळूच म्हणाले, "डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. नेहमीच्या बाजूला फिरवलं की घट्टच होत जातं."

"आणि तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं." काकांनी पाना खाली टेकवला. "पडलीस, हाड मोडून घेतलंस, तर मी काय करू? तुझं काही बरंवाईट झालं तर घर खायला उठेल मला."

काकूंना भयंकर राग आला. आणि त्या रागातच त्यांचे डोळेही भरून आले, त्याचा त्यांना आणखी राग आला.

"आणि मी त्या सायकलवर कधी बसलेच नाही, अशीच टेबलापाशी उभी राहून राहून एक दिवस गेले, तर? तेव्हा काय घर गाणी म्हणणार आहे तुमच्यासाठी?"

काकांनी पाना उलट्या बाजूने लावला आणि जोर केला. पायडल हललं नाही. पुन्हा केला. आता जीभ आतच होती, पण दुपारभर स्वतःच आवळलेलं आता त्यांनाच सुटेना.

"आता खरंच नाही निघत गं," ते खाली बसले.

काकू उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी घरातली जुनी जड इस्त्री तापत ठेवली. वायर अंगणापर्यंत पुरेना, तेव्हा सायकलच दारात ओढली. पायडल ज्या दांड्यात बसलं होतं, त्याच्या टोकाला त्यांनी इस्त्री दाबून धरली. रॉकेलचा धूर निघाला, रंग जळल्याचा वास सुटला. लोखंड पुरतं तापेपर्यंत काकू हलल्या नाहीत.

"लावा पाना. मागच्या चाकाकडे ओढा."

दोघांनी मिळून ओढला. कर्रर्र करून पायडल सुटलं.

घरामागे कालव्याच्या कडेने उताराची वाट होती. काकू सीटवर बसल्या, पायांनी ढकलत निघाल्या. कधी एकीकडे कलायच्या, कधी दुसरीकडे, पाय टेकायच्या.

"मागून घट्ट धरलंय ना हो?"

"हो हो, धरलंय!"

उतार लागला. सायकल आपोआप पळायला लागली. काकूंनी पाय उचलले आणि ते नुसतेच लोंबकळायला लागले. शेजारून कालव्याचं पाणी हळूहळू वाहत होतं. मागून चपलांची फटफट येत होती, आणि तिच्यासोबत लोखंडावर लोखंड आपटल्याचा बारीक आवाज.

काकूंच्या लक्षात आलं. काढलेली पायडलं काकांनी खाली ठेवलीच नव्हती. दोन्ही पायडलं दोन हातांनी छातीशी धरून ते धापा टाकत पळत होते, आणि ती एकमेकांवर आपटत होती. सायकल कुणीच धरलेली नव्हती.

या वेळी मात्र काकूंनी वळून पाहिलं नाही.